करंगळी बधिर झाली तर आधी कोपर

सांगली

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, की ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून 'कार्पल टनेल', म्हणजे मनगटात नस दबणं, ठरवून टाकलंय आणि तू मनगटाचा पट्टाही मागवलास. तो परत पाठव. तुझी करंगळी बधिर होते, अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होते आणि उरलेली तीन बोटं ठणठणीत आहेत. मनगटात दबते ती मिडियन नस. तिच्याकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू. करंगळीचं खातं अल्नर नसेकडे, आणि ती बहुतेक वेळा दबते कोपरात. एकाच बोटाची अर्धी बाजू बधिर आणि अर्धी शाबूत, हे ऐकलं की निम्मं निदान तिथंच होतं. मानेतून दुखणं आलं तर सहसा असं बोटाच्या मधोमध बांध घातल्यासारखं होत नाही.

अल्नर नस मनगटाजवळही दबू शकते, पण क्वचित. त्याची खूण अशी, की पंजाच्या मागच्या बाजूला करंगळीखालची कातडी तेव्हा शाबूत राहते, कारण तिकडं जाणारी फांदी मनगटाच्या आधीच फुटलेली असते. तुझी ती जागाही बधिर आहे म्हणालीस. म्हणजे कोपरच.

तुझ्या आईचं उलट होतं. रात्री दोन-अडीचला उठून हात झटकत बसायची, बोटं जळजळतात म्हणायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिला थायरॉइड निघाला, आणि थायरॉइड, मधुमेह, गरोदरपण यात मनगटातली नस दबणं नेहमीचंच. तिला रात्री पट्टा दिला होता तो मनगट सरळ ठेवणारा. दुकानात मिळतात त्यातले बरेचसे मनगट मागं वाकवून ठेवतात, ते या कामाचे नाहीत. पुढं ऑपरेशन झालं. तळहातातली आडवी पट्टी कापून नसेला जागा करतात, तेवढीच जागा बधिर करून. थोड्या वेळाचं काम. पण त्यानंतर तळहाताच्या बुडाशी काही आठवडे दुखत होतं, पोळपाटावर जोर देता येत नव्हता. हे आधी कुणी सांगत नाही.

तुझ्याकडे येतो. कोपर वाकवलं की अल्नर नस हाडामागं ताणली जाते आणि तिथली जागाही आवळते. तू गालाखाली हात घेऊन झोपतेस, फोन कानाला लावून तासतासभर बोलतेस आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून काम करतेस. तिन्ही बंद. रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून चिकटपट्टी लाव, म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडणार नाही. काही आठवडे नेटानं कर. सौम्य दुखणं बऱ्याचदा एवढ्यानंच मागं फिरतं.

बी-12 ची गोळी सगळेच लिहून देतात. रक्तात कमी असेल तर जरूर घे, पण दबलेली नस गोळीनं सुटत नाही. मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही महिने आराम पडतो, कोपरात त्याचा फारसा फायदा दिसलेला नाही. आणि आत्या ज्या मालिशवाल्याचं नाव सांगते आहे, त्याला कोपराच्या आतल्या बाजूला हात लावू देऊ नकोस. तिथं नस कातडीच्या लगेच खाली असते.

मुंग्यांची मला एवढी काळजी नाही. काळजी आहे ताकदीची. व्हिडिओ कॉलवर तुला कार्ड अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये धरायला लावलं आणि आईला सांगितलं, 'बघ हिचं पेर वाकतंय का.' अल्नरचा स्नायू कमजोर झाला की माणूस नकळत अंगठ्याचं टोक वाकवून कार्ड धरतो. तुझा अंगठा सरळ राहिला. छान. हे दर आठवड्याला कर. अंगठा आणि तर्जनीच्या मधला, पंजाच्या मागचा फुगीर भाग दोन्ही हातांचा शेजारी शेजारी ठेवून बघ. एका हाताला तिथं खळगा दिसला तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, थेट सर्जनकडे जा. खराब झालेली नस परत वाढते साधारण दिवसाला 1 मिलिमीटर. कोपरापासून त्या स्नायूपर्यंत 30 सेंटिमीटर धर, म्हणजे दहा महिने झाले. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू सहसा परत येत नाही. तपासणीच्या खोलीत असे हात मी भरपूर पाहिले. 'नुसत्या मुंग्या तर येत होत्या' म्हणत आलेले.

ऑपरेशनची वेळ आलीच तर साधं मोकळं करणं आणि नस उचलून कोपराच्या पुढच्या बाजूला बसवणं, असे दोन मार्ग आहेत. बहुतेकांना गुण सारखाच येतो, आणि दुसऱ्यात जखमेचा त्रास जास्त. नस हाडावरून सटकत असेल तर दुसरा लागतो. तेव्हा 'का' ते विचार, लाजू नकोस.

आणखी एक. डॉक्टरांनी कोपरामागची नस बोटांनी चाचपली पाहिजे. ती दोरीसारखी जाड लागली आणि अंगावर कुठं बधिर चट्टा असला, तर आपल्याकडे कुष्ठरोगाचा विचार करावाच लागतो. या रोगात अल्नर नस कोपराशी फार वेळा धरली जाते. चांगल्या घरातल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून डॉक्टरही विचारत नाहीत. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग बरा होतो. तुला ते नाही असं मला वाटतं, पण चाचपायला पैसे पडत नाहीत.

एनसीव्हीला, म्हणजे नसेचा वेग मोजायच्या तपासणीला, जाशील तेव्हा हाताला तेल, क्रीम काही लावू नकोस. बांगडी, घड्याळ घरी ठेव. तुमच्याकडच्या सेंटरांत एसी मरणाचा असतो. हात गार पडला असेल तर सांग, 'आधी शेकून द्या.' कातडीचं तापमान 32 अंशांच्या खाली गेलं की धडधाकट नसही मंद दिसते आणि नसता आजार कागदावर येतो. अल्नर मोजताना कोपर वाकवलेलं हवं. सरळ हातावर टेप लावली तर नसेची लांबी कमी भरते आणि वेगाचा आकडा चुकतो. कोपरातून जाताना वेग सेकंदाला 50 मीटरच्या खाली किंवा कोपराखालच्या हातातल्या वेगापेक्षा 10 नं कमी आला, तर दाब तिथंच. सुरुवातीच्या दुखण्यात रिपोर्ट नॉर्मलही येतो, त्यावरून पट्टा सोडायचा नाही. टॉवेल, टॉवेल म्हणतोय मी.

थायरॉइड आणि साखर त्याच दिवशी करून घे, आईचं आहे म्हणजे तुझंही बघायला हवं. रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींचा फोटो पाठवू नकोस. आलेखांची पानं पाठव, मी चष्मा लावून नीट बघतो.

तुझे,
बाबा