गाडी सुटी केल्याशिवाय निकाल नको

महोदय,

‘नुसता पुढचा भाग गेला होता, तरी विमा कंपनीने गाडी टोटल लॉस केली,’ म्हणजे दुरुस्तीपेक्षा भरपाई देणं परवडतं असं ठरवलं, ही एका वाचकाची तक्रार आपल्या सदरात वाचली. त्यांची हळहळ मला समजते. मी २८ वर्षं डेंटिंगचं, म्हणजे चेपलेला पत्रा सरळ करण्याचं काम करतो. चेपलेल्या बोनेटवर हात ठेवून डोळे पुसणारी माणसं पाहिली आहेत. पण मालकाची नजर आणि विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा कागद, दोन्ही फसतात. गाडी सुटी करण्याआधीच तिचा निकाल लागतो म्हणून.

मध्यंतरी एकाच दिवशी दोन गाड्या आल्या. पहिलीचं बोनेट घडी पडल्यासारखं, दोन्ही हेडलाइट फुटलेले, रेडिएटर इंजिनाला टेकलेला. मालक म्हणाला, संपली गाडी. सगळं उतरवून तिरकी मापं घेतली, तर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जागच्या जागी! पुढचा भाग धक्का पिऊन घेण्यासाठीच बनवलेला असतो. १९५९च्या मर्सिडीजपासून गाड्या अशा बांधतात. ती गाडी आम्ही उभी केली.

दुसरीला बाजूने मार होता. दारावर जेमतेम एक खड्डा. पण मागचं दार बंद करताना किंचित उचलावं लागत होतं, आणि तिथेच मला शंका आली. माप लावलं तर ११ मिलिमीटरचा फरक. एवढ्या कामात ३ मिलिमीटरच्या वर गेलं की माझी झोप उडते. मधला पिलर, म्हणजे दोन दारांमधला छताला धरणारा खांब, आत बसला होता. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हा पिलर लोखंड सुमारे ९०० अंशांना तापवून, साच्यात दाबून, तिथेच झटकन थंड करून घडवतात. त्याला गॅस लावून ओढला की सरळ दिसतो, पण ताकद गेलेली असते. वर रंग मारला की मलाही ओळखता येणार नाही. पिलर बदलायचा तर कंपनीने आखून दिलेल्या जागीच कापून नवा जोडावा लागतो. तो खर्च मालकाला नको होता, ‘ओढून द्या’ म्हणाला. मी नाही म्हटलं. ‘डेंटर असून काम नाकारता?’ असं ऐकवून तो गाडी टो करून घेऊन गेला. कुठे गेली, माहीत नाही.

आता तुमच्या वाचकाचं. त्यांची चासी शाबूत असेलही. पण एअरबॅग उघडल्या होत्या का? उघडल्या असतील तर बॅगांबरोबर सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे भाग), सेन्सर, बऱ्याचदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. पत्र्याच्या कामापेक्षा हे बिल मोठं होतं. शिवाय पहिलं एस्टिमेट नेहमी कमीच असतं. गाडी उघडत जाऊ तसं आत काहीतरी निघतं. कंपनी हा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहते, अपघाती गाडी विकून किती हाती येतील हेही बघते. गाडी जुनी असेल तर एअरबॅगच्या बिलातच पारडं फिरतं. हिशेब आहे तो, त्यात गाडीचा अपमान नाही. सर्व्हेअरने सुटी करून पाहिली होती का, की फोटोंवरच भागवलं, हे मात्र त्यांनी जरूर विचारावं.

माझी खरी काळजी त्यापुढची आहे. टोटल लॉसची गाडी अख्खी विकली जाते, आणि घेणारा प्रत्येक जण ती भागांसाठीच घेतो असं नाही. एअरबॅग न बसवता त्या जागी रेझिस्टर, म्हणजे बॅग जागेवर आहे असं गाडीला भासवणारा विजेचा छोटा भाग, जोडायचा, म्हणजे डॅशवरचा दिवा विझतो आणि गाडी ‘ठणठणीत’ होते. अशा गाड्या मी स्वतः उघडल्या आहेत. स्टीअरिंगच्या झाकणामागे पोकळी, आणि मालकाने ती सेकंडहँड घेतलेली, त्याला पत्ताच नाही. तेव्हा त्या वाचकांना माझी विनंती आहे, चेक मिळाला म्हणून फाइल बंद करू नका. आपली गाडी सुट्या भागांसाठी गेली की पुन्हा रस्त्यावर यायला, हे कंपनीकडून लेखी मागून घ्या.

आपला,
एक डेंटर