पाहुण्यांच्या बॅगा कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉटेलातून आणि क्रूझवरून 'आठवण' म्हणून वस्तू आणणाऱ्यांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. फोटो झकास आहेत. शोकेसमधले ते नाव छापलेले कप नि टॉवेल पाहून मला मात्र महिनाअखेरची लिनन रूम, म्हणजे चादरी-टॉवेलांची खोली, आठवली.

मी कळंगुटच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगला होते. साबण, शॅम्पू, कागदी चपला खुशाल न्या, त्यांचे पैसे भाड्यात धरलेले असतात. टॉवेल नव्हे! चेकआऊटच्या वेळी रिसेप्शनवरून फोन येतो, 'रूम बघ, गेस्ट खाली उभे आहेत', आणि तेवढ्यात रिमोट, हँगर, किटली, टॉवेल सगळं मोजायचं. एकदा एका कुटुंबाच्या खोलीत बाथ टॉवेल कमी भरले. मी खाली कळवलं. गृहस्थांनी तावातावाने स्वतःच बॅग उघडून दाखवली, तर फेणीच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून आमच्याच टॉवेलांत गुंडाळलेल्या! वर 'एवढं बिल भरलं, टॉवेलाचं काय घेऊन बसलात' म्हणून डाफरले. रिव्ह्यू वाईट येईल या भीतीने मॅनेजरनी उलट त्यांचीच माफी मागितली. टॉवेल बाटल्यांसकट दाबोळी विमानतळावर गेले आणि शॉर्टेज आम्हा फ्लोअरवरच्या बायकांच्या पगारातून वळतं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! अशी कपात करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, असं कायदा सांगतो. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही.

आणि तपासणी कोणाची, तर आमची. रोज घरी निघताना गेटवर वॉचमन पिशवी उलटी करणार, जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावणार.

लेखात व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीच्या मीठ-मिरीच्या भांड्यांचं कौतुक आहे. त्यांच्या तळाशी 'इथून लांबवलं' असं कंपनीनेच छापलं होतं. ठीक आहे, थट्टा त्यांची, खर्चही त्यांचाच. पण मोठ्या क्रूझवर पोहण्याच्या तलावाचा टॉवेल केबिनच्या कार्डावर नोंदवून देतात आणि परत आला नाही तर पैसे प्रवाशाच्या बिलात लावतात, हे सांगायचं तेवढं लेखिकाबाई विसरल्या. आमच्या हॉटेलवाल्यांचे हात कोणी धरलेत? अतिथी देव असेल, पण देवाने उचललेल्याची भरपाई झाडणारीने का करावी?

जाता जाता : रात्रपाळीच्या बायकांना आठनंतर म्हापशाला जायला बस मिळत नाही, यावर मी पावसाळ्याआधी पत्र पाठवलं होतं. त्याला जागा नव्हती, आणि या लेखाला फोटोंसकट अर्धं पान! ते पत्र सापडत नसेल तर कळवा, माझ्याकडे प्रत आहे.

— एक निवृत्त हाऊसकीपिंग कर्मचारी, म्हापसा