अण्णांचं जेवण

नाशिक, गंगापूर रोड
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय मंदे,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दोन मिनिटांत गॅलरीच्या गळतीवर येतेस आणि माझं राहून जातं. शिवाय ही गोष्ट इथे कोणाला सांगायची सोय नाही. शेजारणीला सांगितली तर "मग सोडून द्या की सोमेश्वरच्या झाडीत," म्हणाली आणि कोथिंबिरीचा भाव विचारला. तर ऐक. अण्णांनी जेवण सोडलं होतं.

अण्णा म्हणजे ओंकारचा शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. नाव कोणावरून, ते तुला सांगायला नको. तोंड तसंच मिटलेलं, चालणं तसंच, आणि कॉलेजात हजेरी घेताना असायचा तसाच एक डोळा रजिस्टरवर तर दुसरा आपल्या बाकावर. ओंकार बंगळुरूला गेला आणि जाळीचा उंच पिंजरा, दिवे, पाण्याचा फवारा असा सगळा संसार माझ्या बैठकीत मांडून गेला. तू लगेच कायदा काढशील म्हणून सांगते, हा आपल्या रानातला घोयरा सरडा नाही. तो पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. हे येमेन-सौदीकडचे, डोक्यावर उंच टोपवाले. ओंकारने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केली आहे, कागद माझ्या पासबुकाशेजारी आहेत.

माझी शुगर बरी, ह्यांचा गुडघा आहे तसाच. पुढे.

ओंकार त्यांना फक्त रातकिडे घालायचा. पुण्याहून खोक्यात यायचे, मीही तेच चालू ठेवलं. नवरात्रापासून कुरबुर सुरू झाली. रातकिडा सोडला की अण्णा एक डोळा त्याच्यावर ठेवायचे, दुसरा माझ्यावर, आणि मग सावकाश पाठ फिरवून फांदीच्या पलीकडे जायचे. मी घाबरले. डॉक्टरांना दाखवलं. तोंड, जबडा, पाय सगळं ठीक, हाडं मऊ पडलेली नाहीत. म्हणाले, "कंटाळलेत. ही जात अशीच, रोज तेच दिलं तर एक दिवस संप करते." ओंकार फोनवर म्हणतो, "आई, व्हरायटी दे." म्हटलं, बाबा रे, तुझ्या वडिलांनी इतकी वर्षं एकच आमटी खाल्ली, त्यांनी कधी पाठ फिरवली नाही. पण मंदे, खरं सांगते, घरात चकल्या, अनारसे, चिवड्याचे डबे भरत होते आणि अण्णांसमोर तोच रातकिडा, हे मलाच बघवेना.

मग लागले वाचायला. झूऑलॉजीची पदवी लग्नानंतर पहिल्यांदा उपयोगी पडली. रातकिड्यात कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. सरड्याला हवं नेमकं उलटं, कॅल्शियम साधारण दुप्पट. म्हणून किडे डब्यात घालून कॅल्शियमच्या भुकटीत हलवायचे, पांढरे झाले की सोडायचे. डी३ जीवनसत्त्ववालं महिन्यातून दोनदाच, कारण दिव्यातून अतिनील किरण मिळतात तेवढे पुरतात. हे ओंकार करायचाच. पण रातकिड्यांना स्वतःला खायला काय, तर खोक्यातला पुठ्ठा! म्हणजे अण्णांच्या पोटात जाणार ते रिकामं कवच. आता किड्यांना एक-दोन दिवस आधी गाजर, रताळं, शेवग्याचा पाला घालते. पालक नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. ह्यांनी शेवग्याची जुडी बघून "आज भाजी का?" विचारलं. "किड्यांना आहे," म्हटल्यावर तासभर बोलले नाहीत.

त्यात ह्यांचं एकेक डोकं. म्हणे काजवे द्या, रात्रीचा दिवाही वाचेल. काही जातींचे काजवे सरड्यांना इतके विषारी असतात की एका काजव्याने जीव जातो. हे सांगितलं तर म्हणतात, "मग तुझे अण्णा खातात तरी काय?" तोच तर प्रश्न आहे ना!

नाकतोड्यांचं रामायण वेगळंच. ह्यांचा पिंपळगावचा मावसभाऊ प्रेमाने पिशवीभर नाकतोडे घेऊन आला, द्राक्षबागेच्या बांधावरचे. चांगले हिरवे, टणाटण उड्या मारणारे. पण ऑक्टोबर छाटणी झालेली, डाऊनी रोगाच्या धास्तीने सगळीकडे फवारण्या चाललेल्या. फवारलेला पाला खाल्लेला नाकतोडा उड्या मारत असला तरी त्याच्या पोटातलं औषध अण्णांच्या पोटात जाणार. नाही घातले. भावजी रागावले, "आमचा माल रेसिड्यू तपासून युरोपात जातो, आणि तुमच्या सरड्याला चालत नाही?" म्हटलं, ते द्राक्षाचं तपासतात भावजी, नाकतोड्याचं नाही. जेवायला न थांबता गेले.

नाकतोड्यावरून आठवलं. माझ्या कीटकपेटीतला तो मोठा, लाल पंखांचा नाकतोडा तूच लंपास केलास. प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी पेटी तुझ्या खोलीत होती आणि सकाळी टाचणी रिकामी. इतकी वर्षं तू "वाळवीने खाल्ला" म्हणतेस. वाळवी टाचणी सरळ ठेवून किडा खात नाही.

असो. शेवटी सुचली तुती. सिन्नरकडे वन्संच्या दिरांनी रेशीम केलंय, लग्नात त्यांनी अर्धा तास चॉकी (म्हणजे लहान अळ्यांचं संगोपन) आणि कोष ऐकवलं होतं. तेव्हा जांभया दिल्या, आता मीच गेले. आणि बघ, रेशीमअळीइतकी भरवशाची दुसरी नाही. शेजारच्या बागेतलं कीटकनाशक वाऱ्याने तुतीवर आलं तरी त्या मरतात, म्हणून ते पाल्याला डोळ्यात तेल घालून जपतात. अळी जगलीय म्हणजे पाला त्यातल्या त्यात स्वच्छ. फक्त अळ्यांवर टाकतात ती विजेता नावाची जंतुनाशक पावडर आणि चुना टाकायच्या आधीच्या मागून घेतल्या. वाटीभर अळ्या आणि पिशवीभर तुती. पैसे घेतले नाहीत, उलट "सरडा पाळलाय हे कुणाला सांगू नका," म्हणाले.

एक अळी जास्वंदीच्या फांदीवर ठेवली. अण्णा आधी एकाच डोळ्याने. मग दुसरा डोळाही वळला, दोन्ही पुढे आले, तोंड जरासं उघडलं, जिभेचं गुलाबी टोक दिसलं. आणि टप्! अळी फांदीवर नव्हतीच. जबड्याच्या कडेने तुतीचा हिरवा रस आला. पुढे जाऊन जास्वंदीच्या पानाचाही लचका तोडला, ही जात पालाही खाते. मी ओरडले तेव्हा हे आंघोळीतून तसेच बाहेर आले. त्यांना काय कळणार! प्रॅक्टिकलला झुरळाच्या लाळग्रंथी अखंड निघाल्यावर आपण दोघी ओरडलो होतो, तसं ओरडले. म्हणून तुलाच लिहितेय.

आता नुसत्या अळ्यांवरही ठेवायचं नाही, नाहीतर उद्या त्यांचाच हट्ट. रातकिडे शेवगा खाऊ घालून पुन्हा देते, मधेच मीलवर्मच्या अळ्या, आणि ओल्या कचऱ्याच्या खतासाठी वाढवतात त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. त्यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर. झुरळांची एक जातही याच कामासाठी विकत मिळते. ओंकार फार मागे लागलाय. विकतची झुरळं मी या घरात आणणार नाही, अण्णा उपाशी राहिले तरी.

तुझ्याकडे काम आहे. सिन्नरची बॅच आता कोषावर जाईल. मग पुढे? तू जालन्यात, कोषांचा बाजार तुझ्या गावात, ओळखीचं कोणी असेलच. अंडीपुंज नको. एकात ४००-५०० अंडी, अळी २५-३० दिवसांत वजनाने १०,००० पट वाढते. इतक्यांना तुती कुठून आणू? मला दुसऱ्या-तिसऱ्या कातीच्या मूठभर पुरेत. अण्णांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड नकोत, म्हणून लहान असतानाच हव्यात.

सूनबाईंची बदली झाली का? नातवाचा दात आला म्हणे, फोटो पाठव. गळती थांबली नसेल तर त्या गवंड्याला आता सोड.

पार्सल एसटीने पाठवलंस तर रात्रीच्या गाडीने पाठव. दुपारच्या उन्हात डबा तापून अळ्या जातात. डब्याला भोकं पाड, आणि पाला ओला घालू नकोस.

तुझी,
शैला