'कट्यार' आणा, पण पदं कापू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्याकडे एका वाचकाने लिहिलंय की 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक लोकांना आवडतं ते निव्वळ जुन्या आठवणींमुळे, ती पिढी गेली की नाटकही गेलं. अहो मग २०१५ ला सिनेमा आला तेव्हा थेटरात बसलेल्या कॉलेजच्या पोरांना कसल्या आल्या जुन्या आठवणी? पहिला प्रयोग डिसेंबर १९६७ चा, तेव्हा त्यांचे आईबापसुद्धा पाळण्यात नाहीतर जन्मलेलेही नव्हते!

खरी गंमत नाटककार दारव्हेकर मास्तरांच्या बांधणीत आहे: दोन घराण्यांचे दोन गवई, पंडितजी आणि खांसाहेब, दरबारी गायकाच्या मानासाठी आणि हवेलीसाठी समोरासमोर. 'घेई छंद मकरंद' हे पद घ्या. शब्द तेच, पण पंडितजींच्या गायकीत शांत, ठायीचं आणि खांसाहेबांच्या गळ्यातून आलं की तानांचा नुसता धबधबा. घराणं म्हणजे काय, गाण्याची एकेक परंपरा कशी वेगळी, हे कोणाला समजवायला बसलात तर समोरचा जांभया देईल, इथे ज्याला सा कळत नाही तोसुद्धा पाच मिनिटांत पार्टी घेऊन बसतो, यांचं भारी की त्यांचं. आणि संगीतकार अभिषेकीबुवांच्या चाली अशा की पद सुरू झालं म्हणून गोष्ट थांबत नाही, भांडण गाण्यातच चालू राहतं. आधीच्या कितीतरी नाटकांत पद आलं की गोष्ट बाजूला बसायची, वन्समोअरवर वन्समोअर (त्यातही मजा होती म्हणा, आमचे आजोबा त्याच्याचसाठी जायचे).

शिवाय खांसाहेब काही व्हिलन नाहीत. माज आहे, विद्या झाकून ठेवायचा हट्ट आहे, पण सूर खरा लागला की हा माणूस विरघळतो. वसंतराव देशपांड्यांनी तो उभा केला, ज्यांनी वर्षानुवर्षं मिलिटरी अकाउंट्समधे कारकुनी केली, विचार करा.

आपल्याला ग्वाल्हेरवाल्यांना तर खांसाहेबांची गायकी लपून ऐकून शिकणारा सदाशिव परका वाटायलाच नको. आपल्या ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खां-हस्सू खां यांनी बडे महंमद खांची गायकी शिंद्यांच्या आसऱ्याने पडद्याआड बसून उचलली ही गोष्ट इथे गाण्यातली जुनी माणसं अजून सांगतात. नाटकातलं विश्रामपूर काल्पनिक असेल, पण लपून ऐकलेली विद्या चोरीची का हा प्रश्न आपल्याच गल्लीतला आहे.

आता पत्राचं मुख्य कारण. हे नाटक ग्वाल्हेरला आणा म्हणून एका आयोजकांशी बोलणं झालं, म्हणाले आणतो काका, पण दोन तासांचं करून, निम्मी पदं काढू, उरलेली ट्रॅकवर, पब्लिकला पेशन्स नाही. पदं काढल्यावर उरतं काय, एका हवेलीवरून दोन बुवांची कटकट? २०१० मधे वसंतरावांचे नातू राहुल देशपांड्यांनी ते परत उभं केलं तेव्हा लोक गाणं ऐकायलाच आले ना!

रविवारी दुपारी चारला सुरू करा, जेवायच्या वेळेला सगळे घरी. ऑर्गन-तबला समोर बसलेला पाहिजे, आणि वाजवणारे मिळत नाहीत असं तानसेन समारोहाच्या गावात तरी कोणी म्हणू नये. तिकीट शंभराने वाढवा, आम्ही देऊ. फक्त 'सुरत पिया की' ला कात्री लावायची नाही, त्यातली रागमाला, म्हणजे एकापाठोपाठ गुंफलेले राग, अर्ध्यात तोडली तर मी उठून बाहेर येईन आणि खिडकीवर पैसे परत मागेन.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर