‘९२५’ चा ठसा म्हणजे हॉलमार्क नव्हे

संपादक महोदय,

चांदीचा भाव चढला की पैंजण-जोडव्यांच्या पावत्यांवरून वाद सुरू होतात. बहुतेक वादांचे मूळ एकच असते, पावतीवर टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती, तो आकडा लिहिलेला नसतो. १०० ग्रॅमचे पैंजण ६० टंचाचे असतील, तर त्यात चांदी ६० ग्रॅमच. भाव मात्र शुद्ध चांदीचा लावला, तर ४० ग्रॅम तांबे-जस्त चांदीच्या दराने घरी येते आणि मोडीला नेल्यावर ते कळते. घडणावळ वेगळी, ती परत मिळतच नाही. म्हणून वजन, टंच, दर आणि घडणावळ हे चार आकडे पावतीवर सुटे लिहून घ्यावेत.

स्टर्लिंग चांदी म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी, उरलेले बहुधा तांबे. निव्वळ चांदी मऊ असते, त्यामुळे खड्याची पकड सैल होते, कड्या उघडतात. पण नुसता ‘९२५’ चा ठसा कुणीही मारू शकतो. हॉलमार्कमध्ये भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) चिन्ह आणि शुद्धतेचा आकडा हवा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, मिळू लागला असून तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. चांदीचे हॉलमार्किंग अजून ऐच्छिक आहे, आणि ८०० च्या खालच्या चांदीला ते मिळतच नाही. जर्मन सिल्व्हर या तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूत तर चांदी औषधालाही नसते. लोहचुंबकाला ते सहसा चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा फसवी.

‘काळी पडली, म्हणजे खोटी’ हा समजही काढून टाकावा. हवेतल्या गंधकाने अस्सल चांदीवरही काळा थर चढतो. टूथपेस्ट किंवा राखेने घासल्यास चरे पडतात आणि दर वेळी थोडी चांदीही झिजते. त्याऐवजी काचेच्या भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरून दागिना त्याला टेकवून ठेवावा. लिटरभर कढत पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा विरघळवून ते वर ओतावे. दोन-चार मिनिटांत गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जाते, चांदी जागेवर राहते. सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो अपेक्षितच आहे. मोती, चिकटवलेले खडे आणि मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने मात्र यात कधीही घालू नयेत; ऑक्सिडाइज्ड दागिन्यांची तर काळी नक्षीच पुसली जाईल.

धुतलेला दागिना पूर्ण कोरडा करून झिपच्या पिशवीत ठेवावा. रबर बँड, लोकर यांच्यातही गंधक असते. पैंजणांची जोडी रबराने बांधून ठेवली की नेमके तिथेच काळे पट्टे उमटतात.

– एक चांदी कारागीर, जि. कोल्हापूर