मोटारसायकलवर सामान बांधून पहिल्यांदाच निघणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

येत्या रविवारी पुण्याहून वाईमार्गे पाचगणीला जाण्यासाठी ज्या नव्या चालकांनी नावे दिली आहेत, त्यांनी त्याआधी पूर्ण सामान बांधून घराजवळच्या रस्त्यांवर पंधरा-वीस किलोमीटरची एक फेरी अवश्य करावी. लादलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, वळणावर जड वाटते आणि उभी करताना एकदम एका बाजूला कलते. हा अनुभव कोणालाही पहिल्यांदा पसरणी घाटात येऊ नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

दुरुस्तीची हत्यारे, पाण्याच्या बाटल्या अशा जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि सीटच्या जवळ ठेवाव्यात, कारण मागच्या कॅरिअरवर उंच रचलेल्या ओझ्याने पुढचे चाक हलके होते व हँडल डगमगू लागते. दोन्ही बाजूंच्या बॅगांचे वजन सारखे असावे. त्या सायलेन्सरला टेकत नाहीत ना, हे मागे कोणाला तरी बसवून तपासावे, कारण शॉकअब्सॉर्बर दबल्यावर बॅगा खाली येतात. हुकांच्या रबरी दोरीपेक्षा बकलचे पट्टे अधिक भरवशाचे आहेत; त्यांची लोंबती टोके चेनमध्ये अडकू नयेत म्हणून ती आत खोचावीत.

टायरमधील हवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत वाढीव भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असतानाच भरून घ्यावी. पहिल्या दहा किलोमीटरनंतर सर्वांनी थांबून पट्टे पुन्हा आवळायचे आहेत.