चि. सईस पत्र: थ्री सेव्हन झिरोवर टिकून राहण्याबद्दल

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, की रेक मॅक्स (संगणकाने सुचवलेली कमाल उंची) ३७८, म्हणजे ३७,८०० फूट, दाखवत असताना ३७० वर विमान जोर अपुरा पडून रडतं का, आणि कॅप्टनसाहेब लगेच ‘३५० मागून घे’ का म्हणाले. हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहितोय. आपल्या उजळाईवाडीवरून उडणाऱ्या एटीआरला ही भानगडच नाही, तिची कमाल उंचीच २५,००० फूट. तू को-पायलट आहेस त्या ए-३२० ला मात्र रोज याच्याशी गाठ आहे.

आधी तो आकडा नीट उलगडून बघ. रेक मॅक्स म्हणजे अशी उंची, जिथे मॅक्स क्रूझ थ्रस्टवर (इंजिनांच्या जोरावर) विमान सरळ उडेल, मॅक्स क्लाइंबवर मिनिटाला ३०० फूट चढ शिल्लक असेल आणि बफेपर्यंत, म्हणजे पंखावरची हवा सुटून विमान थरथरेपर्यंत, ०.३ जीची (गुरुत्वाच्या तीन दशांश भाराची) मोकळीक असेल. ०.३ जी म्हणजे वळताना ४० अंशांचा बँक (विमान कलणं), तेवढं पुरेसं आहे. खरी मेख त्या ३०० फुटांत आहे. ४५० नॉट ट्रू एअरस्पीडला (हवेतल्या खऱ्या वेगाला) मिनिटाला ३०० फूट म्हणजे चढाचा उतार एक टक्कासुद्धा नाही, ०.६६ टक्के. विमान ६८ टनांचं धरलं, तर हाताशी जादा जोर राहतो जेमतेम साडेचारशे किलोचा. दोन्ही इंजिनं मिळून! खाली जाणारी हवा मिनिटाला ३०० फुटांची लागली की तो संपला. आणि डोंगरावरून उसळणाऱ्या हवेच्या लाटेत, श्रीनगरच्या बाजूला, ३०० फूट ही काही मोठी गोष्ट नाही.

शिवाय हा हिशेब तू भरलेल्या वजनावर आणि तापमानावर चालतो. झिरो फ्युएल वेट (इंधन सोडून विमानाचं वजन) दोन टनांनी कमी भरलं गेलं, तर वजनात तीन टक्क्यांची चूक. त्या उंचीवर दर हजार फुटांना हवेचा दाब साधारण पाच टक्क्यांनी घटतो, म्हणजे रेक मॅक्स सहाशे फुटांनी खोटा. हेच गणित उलटं वापर: ३५० वरून ३७० ला जायचं तर वजन दहाएक टक्क्यांनी उतरायला हवं, म्हणजे ६८ टनांतले साडेसहा टन. तासाला अडीच टन इंधन जळत असेल तर अडीच तासांहून जास्त. दोन तासांच्या उड्डाणात ‘जरा हलके झालो की वर जाऊ’ हे बोलायलाच बरं.

तापमानाचं जास्त नीट समजून घे, कारण पावसाळ्यात उत्तर भारतावर हेच नडतं. ३४० ला आयएसए (प्रमाण वातावरण) प्रमाणे उणे ५२ हवं. त्या दिवसांत तिथे उणे ४० च्या आसपास हवा सहज मिळते. इंजिनाचा क्लाइंब थ्रस्ट साधारण आयएसए अधिक १० पर्यंत तग धरतो, त्यापुढे प्रत्येक अंशाला घसरतो. आणि एवढ्यावर भागत नाही. ढगात इंजिन अँटी-आइसची (इंजिनावर बर्फ जमू न देणाऱ्या यंत्रणेची) गरज नाही हे केव्हा म्हणता येतं? बाहेरचं तापमान उणे ४० च्या खाली असेल तेव्हा. हवा गरम म्हणजे उणे ३८. ढग आला की अँटी-आइस चालू, इंजिनाची गरम हवा (ब्लीड) तिकडे गेली, थ्रस्ट आणखी उतरला. ज्या हवेत जोर आधीच कमी, त्याच हवेत तो वाटायचीही वेळ येते. विंग अँटी-आइस लावलंत तर विचारूच नकोस. म्हणून वरची लेव्हल मागण्याआधी पुढच्या दोनतीन वेपॉइंटचं तापमान बघ, आत्ताचं नको. फ्लाइट प्लॅनवर ते छापलेलं असतं, पण बहुतेक जण वाऱ्याचा आकडा वाचतात आणि तापमानाचा सोडून देतात.

आता बिघडतं कसं ते. कागलच्या रस्त्याला गाडीचा वेग कमी केला की इंजिनावरचा भार हलका होतो. विमान ग्रीन डॉटच्या (सर्वात कमी ड्रॅगच्या वेगाच्या) खाली गेलं की उलटं: वेग जितका कमी तितका ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, जास्त. थ्रस्ट आधीच टोकाला, त्यामुळे वेग आणखी पडतो. आणि या सगळ्यात ऑटोपायलट अल्टिट्यूड होल्ड इमानेइतबारे उंची धरून बसतो, नाक तसूतसूने वर करत. उंचीचा आकडा हिरवागार, ३७० च्या ३७०. त्याच्याकडे बघणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही.

तू बघायचं ते पडद्याच्या डावीकडे, वेगाच्या पट्टीकडे. ३७० ला मॅक ०.७८ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) म्हणजे त्या पट्टीवर सुमारे २५२ नॉट; विरळ हवेत हा आकडा खऱ्या वेगापेक्षा कमीच दिसतो. स्पीड टेपवर पिवळा ट्रेंड बाण खाली वळून तिथेच राहिला, एन-वन (इंजिनाच्या पंख्याचा वेग) मर्यादेला टेकलेला आणि पिच (नाकाचा कोन) पाऊण-एक अंशाने वाढलेला, एवढ्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की ठरलं. बाण एखादवेळ खाली जाऊन परत आला तर ती हवेची झुळूक. व्हीएलएसची (कमीत कमी चालणाऱ्या वेगाची) अंबर पट्टी वर सरकायची वाट बघायची नाही, तिच्यात ०.२ जीचीच मोकळीक आहे.

१६ ऑगस्ट २००५ ला वेस्ट कॅरिबियन कंपनीचं एमडी-८२ विमान पनामाहून मार्टिनिककडे निघालं होतं. ३३० ला ते वजनाच्या मानाने फार वर होतं, ऑटोपायलट उंची धरून होता आणि वेग पडत गेला. व्हेनेझुएलात कोसळलं, १६० माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १४ ऑक्टोबर २००४ ला, पिनॅकल कंपनीचं रिकामं सीआरजे विमान ४१० पर्यंत व्हर्टिकल स्पीड (व्ही/एस) मोडमध्ये नेलं होतं. त्या मोडला चढीचा दर पाळायचा असतो, वेग गेला तरी चालेल. वर पोचेपर्यंत वेग उरलाच नव्हता. शेवटचे हजार फूट व्ही/एस लावून ओढायचे नाहीत, हे मी तुला निक्षून सांगतो. वेग पाळणाऱ्या क्लाइंब मोडमध्ये चढ संपली तर ती उंची आपली नव्हे.

करायचं काय? बँक आधी कमी: वळण चालू असेल तर १५ अंशांच्या आत. थ्रस्टचे लिव्हर क्लाइंबच्या खाचेतून एमसीटीच्या (सतत वापरता येणाऱ्या कमाल थ्रस्टच्या) खाचेत. थोडीच भर पडते, पण पडते. मात्र मग थ्रस्ट आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रस्ट लक्ष ठेवत नाही, हात लिव्हरवर राहू दे. तेवढ्यात दुसऱ्या पायलटने एटीसीला (जमिनीवरच्या नियंत्रकाला) खालची लेव्हल मागायची, आणि वेग ग्रीन डॉटच्या वर असतानाच मागायची. परवानगी आली की व्ही/एस उणे ५००, थ्रस्ट तसाच ठेवून. ओपन डिसेंट दाबलंस तर थ्रस्ट आयडलला जातो, आणि गमावलेला वेग निव्वळ नाक खाली घालून मिळवावा लागतो. वेग परत ०.७८ ला आला की मग हवं ते मोड.

परवानगी मिळेना आणि वेग थांबेना, तर ‘पॅन पॅन’ हा तातडीचा इशारा देऊन उतर. २९० ते ४१० मध्ये लेव्हल हजार फुटांच्या अंतराने रचलेल्या आहेत (यालाच आरव्हीएसएम म्हणतात), त्यामुळे न सांगता तीनशे फूट घसरणं हा खालच्याच्या जिवाशी खेळ. लाटेमुळे उंची धरता येत नसेल तर ‘अनेबल आरव्हीएसएम ड्यू टर्ब्युलन्स’ एवढे शब्द पुरे. बफे किंवा स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल सुटत असल्याचा इशारा) आली तर उंचीचा विचार सोड, नाक खाली, हात हलका. तिथे हवा विरळ, कंट्रोल जास्त चावतात आणि इंजिन उशिरा जागं होतं. सावरायला काही हजार फूट जातील. जाऊ देत.

उजवीकडे बसून तुझ्या तोंडून हे वेळेवर निघणं अवघड, ते मला ठाऊक आहे. ‘सर, वेग जरा कमी वाटतो का?’ असलं विचारू नकोस. आकडा सांग: ‘सर, स्पीड २३८, ग्रीन डॉटच्या पाच वर, ट्रेंड खाली. ३५० मागू?’ उत्तर आलं नाही तर तेच पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

आईने कांदा-लसूण मसाला पाठवलाय, पिशवी बुधवारपर्यंत पोचेल.

तुझे
बाबा